औषधांना दाद न देणारे जिवाणू: वाचकांचे प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते आहे. प्रतिजैविक प्रतिरोधावर संशोधन म्हणजे रोज नेमकं काय काम असतं?

सुरुवातीला बहुतेक मोजमापच. जिवाणू पेट्री डिशमध्ये पसरायचे, वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती वाढ न झालेल्या वर्तुळाचा व्यास मोजायचा. पुढे डीएनए काढून जनुकक्रम वाचायचा. हल्ली निम्मं काम संगणकावर होतं, तेव्हा थोडं प्रोग्रामिंग शिकून घ्या. तेच ते करण्याचा तिटकारा असेल, तर मात्र दुसरं क्षेत्र बघा.

नेओमी दत्ता यांचं नाव या विषयात वारंवार येतं. त्यांनी असं काय केलं?

1959 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात साल्मोनेला या आतड्याच्या जिवाणूची साथ आली. साथीच्या सुरुवातीचे जिवाणू औषधांना दाद देत होते, नंतरच्या काहींवर मात्र एकापेक्षा अधिक औषधं चालेनात. इतके बदल एकाच जिवाणूत आपोआप, एकदम कसे होणार? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ असलेल्या दत्तांनी दाखवलं, की हा प्रतिरोध एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. जपानमध्ये हगवणीच्या जिवाणूंत हे आधी दिसलं होतं. त्यांचा लेख 1962 चा. प्रतिरोधाची ही जनुकं असतात प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यावर. कोणती प्लाझ्मिडं एका पेशीत एकत्र नांदत नाहीत, हे तपासून त्यांनी पुढे प्लाझ्मिडांचे गटही पाडले.

मला सर्वांत आवडतं ते त्यांचं 1983 चं काम. मरे नावाच्या शास्त्रज्ञाने 1917 पासून जमवलेले जुने जिवाणू त्यांनी आणि व्हिक्टोरिया ह्यूज यांनी तपासले. प्लाझ्मिडं त्यांतही सर्रास होती, आजच्याच गटांतली. प्रतिरोधाची जनुकं मात्र क्वचितच. गाडी जुनीच, माल तेवढा नवा! प्रतिजैविकं आल्यावर काय बदललं, याचा इतका थेट पुरावा विरळाच.

त्यापेक्षा नवी औषधं शोधणं बरं नाही का?

शोधावीतच. पण मेथिसिलिन हे प्रतिजैविक 1959 मध्ये वापरात आलं आणि 1961 मध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू ब्रिटनमध्ये सापडलाही. प्रतिरोध कसा पसरतो हे कळल्याशिवाय नवं औषध किती दिवस पुरणार?

पीएचडीसाठी गाइड निवडताना काय पाहू?

शोधनिबंधांची यादी सगळेच पाहतात. तुम्ही प्रयोगशाळेचा उणे 80 अंशांचा फ्रीझर पाहा. दहा वर्षांपूर्वीचा एखादा जिवाणू मागा. तो कुठून, कधी मिळाला याच्या नोंदीसकट लगेच हाती आला, तर पुढचं बोलणं करा.