पिष्टकणाच्या आत ‘थर’, ‘वलय’ की ‘पटलिका’?

पिष्टकणाच्या (वनस्पतीत साठणाऱ्या पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या कणाच्या) अंतर्रचनेवरील मराठी मजकुरात ‘थर’, ‘वलय’ आणि ‘पटलिका’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का, आणि कणाला ‘अर्धस्फटिकी’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्धा भाग स्फटिक असतो असे समजावे का, अशी पृच्छा आहे.

तिन्ही शब्द ठेवावेत. मात्र त्यांची अदलाबदल करू नये. बटाट्याचा पिष्टकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एका बिंदूभोवती फिकट आणि गडद रेघा दिसतात. कणाची वाढ जेथून सुरू होते त्या या बिंदूला ‘नाभी’ म्हणावे. बटाट्याच्या कणात ती मध्यभागी नसून एका टोकाकडे सरकलेली असते, त्यामुळे रेघा एका बाजूस दाटीने आणि दुसऱ्या बाजूस विरळ दिसतात. या रेघांना ‘वाढीची वलये’ म्हणणे योग्यच आहे. फक्त वलय हे छेदात दिसणारे रूप आहे, प्रत्यक्षात ती एकात एक बसलेली कवचे असतात, हे ध्यानात असू द्यावे. वलयांची जाडी साधारणपणे 100 ते 400 नॅनोमीटर असते.

‘पटलिका’ ही याहून कितीतरी खालच्या पातळीवरची गोष्ट आहे. अमायलोपेक्टिन या शाखायुक्त रेणूच्या शेजारशेजारच्या शाखा एकमेकींभोवती पीळ घेऊन दुहेरी मळसूत्रे बनवतात आणि ही मळसूत्रे ओळीने रचली गेली की स्फटिकी पटलिका तयार होते. शाखा जेथून फुटतात ते सांधे मात्र अस्ताव्यस्त राहतात. त्यांची अस्फटिकी पटलिका होते. अशी एक जोडी सुमारे 9 नॅनोमीटर जाडीची असते आणि वनस्पती बदलली तरी हे माप फारसे बदलत नाही. म्हणजे एका वलयात अशा अनेक जोड्या मावतात, आणि ‘वलय’ लिहायच्या जागी ‘पटलिका’ लिहिले तर मापाची चूक दहा-वीस पटींच्या पुढे जाते.

येथे ‘पापुद्रा’ हा अस्सल मराठी शब्द मला आधी फार भावला होता. पण पापुद्रा म्हटला की तो सुटा होतो, सोलून काढता येतो. पटलिका तशा सुट्या नसतात, कारण एकच रेणू एका पटलिकेतून दुसरीत सलग गेलेला असतो. ‘थर’ हा शब्द कोणत्याही मापाला चालणारा असल्याने तो प्रास्ताविक वर्णनापुरता ठेवावा.

‘अर्धस्फटिकी’ रूढ झाला आहे, तरी त्यातील ‘अर्ध’ दिशाभूल करतो. पिष्टातील स्फटिकी अंश साधारणपणे 15 ते 45 टक्के असतो, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘अंशतः स्फटिकी’ लिहिणे अधिक नेमके होईल. कडा आणि पैलू असलेला साखरेसारखा स्फटिक येथे अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ती रेणूंची शिस्तबद्ध मांडणी. ध्रुवित प्रकाशात कणावर नाभीपाशी छेदणारी काळी फुली दिसते, ती ही मांडणी नाभीकडून बाहेर, त्रिज्येच्या दिशेने असल्याची खूण होय. पाण्यात तापवून कण फुगला की मांडणी मोडते आणि फुलीही नाहीशी होते.

एक वाक्य मात्र लेखनात वारंवार चुकते. पिष्टातील दुसरा रेणू अमायलोज, त्याची साखळी जवळजवळ सरळ, म्हणून स्फटिकी भाग तिचाच असणार, असे गृहीत धरले जाते. सर्वसाधारण पिष्टात अमायलोज 20 ते 30 टक्के असते. पण मक्याच्या मेणचट वाणांत ते जवळपास नसतेच, आणि तरीही त्यांचे कण स्फटिकी गुण दाखवतात. त्यामुळे ‘अमायलोजच्या स्फटिकी पटलिका’ असे कोठे छापलेले आढळल्यास तेथे ‘अमायलोपेक्टिनच्या’ अशी दुरुस्ती करून घ्यावी.