खेड्यातले डॉक्टर मायकेल हार्टी आयर्लंडच्या राजकारणात का उतरले?

क्लेअर परगण्यातील किलमिहिल या छोट्या गावात कुटुंबवैद्य म्हणून काम करणाऱ्या डॉ. हार्टी यांना खेड्यापाड्यांतील दवाखाने बंद पडण्याची चिंता होती. निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांच्या जागी तरुण डॉक्टर यायला तयार नव्हते. म्हणून ‘डॉक्टर नाही, तर गाव नाही’ या अर्थाचे घोषवाक्य घेऊन ते २०१६ची सार्वत्रिक निवडणूक अपक्ष म्हणून लढले आणि आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे डॉलमध्ये, निवडून आले. पुढे त्यांनी संसदेच्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद सांभाळले, आणि अपक्ष सदस्यासाठी ही जबाबदारी माझ्या मते फार मोलाची होती. २०२०ची निवडणूक मात्र त्यांनी लढवली नाही.