होडीची फळी आणि लेकीचं शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. मालवणजवळ आमचं गाव, मिस्टरांची छोटी होडी आहे. मुलगी बंदरावरून, पडक्या घरांतून जुनी लाकडं, गंजके खिळे, कौलांचे तुकडे आणते आणि वीतभर पेट्यांत मांडते. प्रत्येक पेटीच्या मागे वस्तू कुठून आणली ते पेन्सिलीने लिहिते. तिला हेच शिकायचं आहे. तिचे बाबा म्हणतात, "भंगारान पोट भरता काय?" मला तिचं मन मोडायचं नाही, पण भीती वाटते. तीन पेट्यांचे फोटो पाठवते आहे.

उत्तर : ताई, फोटो मोठे करून बराच वेळ बघत बसले. निळ्या फळीच्या पेटीवरून नजर हलेना. फळीवरचा निळा रंग पोपडे धरून सुटलाय, त्याखाली हिरवा दिसतो, त्याच्याही खाली कावेसारखा तांबडा. होडीला किती वेळा रंग दिला ते त्या फळीवर मोजता येतं. तुमच्या लेकीने वर काहीच रंगवलेलं नाही, कोपऱ्यात जाळ्याचं एक शिसं तेवढं टांगलंय. कुठे हात लावायचा नाही, हे सतराव्या वर्षी क्वचित कुणाला कळतं.

आधी तिच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देते. नुसत्या पेट्या विकून पहिली बरीच वर्षं घर चालणार नाही, असंच धरून चाला. जोडीला पगार देणारं कसब हवं. या कलेतल्या मोठ्या माणसांनीही तेच केलंय. न्यूयॉर्कचा जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) कलाशाळेत कधी गेला नाही. कापडाच्या धंद्यात नोकरी करायचा आणि घरी आई, अपंग भाऊ झोपले की स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुने नकाशे, काचेच्या बाटल्या, पिसं काचेच्या पेट्यांत मांडायचा. आज त्या पेट्या जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. चंडीगढचे नेक चंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांच्या कामावर होते. फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे गोळा करून त्यांनी रॉक गार्डन उभं केलं, ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तुमच्या शेजारच्या गोव्यात सुबोध केरकर मूळचे डॉक्टर. समुद्र, होड्या, शिंपले हाच त्यांच्या कामाचा विषय. पिळर्णला त्यांनी 'म्युझियम ऑफ गोवा' उभारलंय. तिथे तिला एकदा घेऊन जा, आणि बाबांनाही सोबत न्या. होडीवाल्या माणसाला तिथलं काम आपल्यापेक्षा लवकर कळेल.

आता शिक्षण. बारावी सायन्स सोडू नका, आणि केमिस्ट्री तर मुळीच सोडू नका. तिचं सगळं काम गंज, मीठ आणि लाकूड यांचं आहे. त्यानंतर चार वर्षांची बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, शिल्पकला घेऊन. त्यासाठी महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी राज्याच्या सीईटी सेलची कला शाखेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव आतापासून हवा. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय (स्थापना १८५७) आहेच, पण घराजवळ राहायचं असेल तर चिपळूणजवळच्या सावर्ड्याचं सह्याद्री आणि पणजीचं गोवा कला महाविद्यालयही बघा, पणजीला शिल्पकला आहे का ते आधी विचारून घ्या. एक सांगून ठेवते, पहिली दोन वर्षं तिला माती मळून डोकी घडवावी लागतील, पेट्यांचं नावही निघणार नाही. कंटाळून ती फोन करेल. तेव्हा धीर द्या, सोडून ये म्हणू नका. आणि या मुलीसाठी कर्ज काढून महागड्या खासगी डिझाइन संस्थेत घालायला माझा विरोध आहे. फळी उचलायला मोकळेपणा लागतो, डोक्यावर हप्ते असले की तो राहत नाही.

पगाराचं कसब म्हणाल तर माझ्या मनात एकच आहे : जतन-संवर्धन. संग्रहालयातल्या जुन्या वस्तू टिकवणारी माणसं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असं केंद्र आहे, लखनऊला राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. पदवीनंतर याचं शिक्षण घेता येतं. कुठली वस्तू कुठून आली हे लिहून ठेवायची सवय या कामाचा पाया असते, आणि ती तिला कुणी न शिकवता लागलीय.

फोटोत काही गोष्टी खटकल्या, त्याही सांगते. दुसऱ्या पेटीत खिळ्याभोवती काळं वलय पसरलंय आणि फळीच्या कडेला पांढरी बुकटी दिसते. ते मीठ आहे. पावसाळ्यात ते ओल ओढणार, खिळा आणखी गंजणार, फेविकॉल सुटणार. लाकूड आणलं की गोड्या पाण्यात भिजवून ठेवायचं, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत सावकाश वाळवायचं. उन्हात टाकलं तर तडकेल. खिळ्याची सुटी खपली ब्रशने काढून टॅनिक ॲसिड लावलं की गंज काळा पडून बराचसा थांबतो. आपल्या हिरड्यातही असंच टॅनिन असतं. सांधा डिंकाच्या भरवशावर ठेवू नये. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी करणारे कारागीर आहेत. सुट्टीत कुणा जाणत्याच्या हाताखाली पंधरा दिवस बसली तरी कूस-सांधा, म्हणजे खाचेत लाकडाचीच कूस बसवून केलेला जोड, हातात येईल. जुना रंग कोरडा घासू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं. जाळ्याचं शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसायचं नाही.

तिसऱ्या पेटीत पांढऱ्या पोवळ्याचा तुकडा आहे. तो लगेच काढायला सांगा. किनाऱ्यावर पडलेला मिळाला असेल, तिचा काही वाईट हेतू नाही हे मला कळतं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पोवळी जमवणं, विकणं गुन्हा आहे. तुकडा वनखात्याच्या कार्यालयात नेऊन द्या. पडक्या देवळातला कोरीव तुकडा तर उचलायचाच नाही. घरांतली लाकडं घरमालकाला विचारूनच.

तिच्या कामाची फाइल आताच सुरू करा. दर पेटीचा समोरून एक फोटो, बाजूने एक, शेजारी मोजपट्टी. मला पाठवलेत ते तिन्ही फोटो समोरून आहेत. पुढच्या पत्रासोबत मागच्या बाजूचेही पाठवा, तिने पेन्सिलीने काय लिहिलंय ते मला वाचायचंय.