पुडी बांधण्याआधी यादी तपासा

सकाळ, दुपार, रात्र अशा वेळेनुसार गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत भरून, वर रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ छापून देणाऱ्या फार्मसी सेवेबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतले पाच प्रश्न आज घेते.

मी पुण्यात नोकरी करते. आई-बाबा डिचोलीला दोघेच असतात. दोघांच्या मिळून रोज चौदा गोळ्या. बाबांना स्ट्रिपवरचे बारीक अक्षर दिसत नाही. अशा पुड्या सुरू करू का?

जरूर करा. नजर अधू झाली आहे, बोटे थरथरतात, गोळ्या तीन-चार वेळांना आहेत, अशा घरांना याचा खरा आधार होतो. जपानमध्ये एका वेळच्या गोळ्या एका पुडीत बांधून देणे ही फार्मसीची नेहमीची पद्धत आहे. अमेरिकेत 2013 साली पिलपॅक ही कंपनी याच कामासाठी निघाली आणि 2018 मध्ये ॲमेझॉनने ती घेतली. यंत्रात प्रत्येक औषधाचा वेगळा डबा असतो. ठरलेल्या गोळ्या खाली पडतात, पुडी उष्णतेने बंद होते आणि पुड्यांची लांब माळ बाहेर येते. मग प्रत्येक पुडी डोळ्यांखालून घालणे हे फार्मासिस्टचे काम.

पण यंत्र यादीबरहुकूम भरते. यादीच चुकलेली असेल तर ते त्याला कळत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी दिलेली, हृदयरोगतज्ज्ञांनी दुसरी. दोन्हींत टेल्मिसार्टनच, फक्त ब्रँड वेगळे. चार महिने ते दोन्ही घेत होते आणि उठताना घेरी येते म्हणून वयाला दोष देत होते. ती यादी तशीच पुडीत गेली असती, तर तीच चूक रोज वेळच्या वेळी पोटात गेली असती.

म्हणून पुढच्या खेपेला घरी याल तेव्हा सगळ्या स्ट्रिप्स, कॅल्शियम, झोपेची गोळी, आयुर्वेदिक औषधे एका पिशवीत घालून फार्मासिस्टकडे न्या. ब्रँडसोबत आतल्या औषधाचे नावही लिहून घ्या. ती यादी आई-बाबांच्या डॉक्टरांना दाखवून पक्की करा, मगच पुड्या.

कोणत्या गोळ्या पुडीत घालू नयेत?

छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी पुडीत नको. ती लागेल तेव्हा क्षणात हाताशी हवी. डॅबिगॅट्रान हे रक्त गोठू न देणारे औषध दमट हवेत खराब होते, ते मूळ पॅकिंगमधून आयत्या वेळीच काढायचे. फिट्सवरचे सोडियम व्हॅल्प्रोएटही ओल शोषून घेते. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा डोस आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणीनुसार बदलत राहतो, म्हणून तीही वेगळी ठेवलेली बरी.

सर्वांत जास्त भीती मला मेथोट्रेक्सेटची वाटते. संधिवातासाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. तिचा वार मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा आणि रोजच्या पुड्यांत ती येऊ देऊ नका.

थायरॉइडच्या गोळीला स्वतंत्र पुडी मागा. ती उठल्यावर रिकाम्या पोटी घ्यायची, खाण्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब हवे, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

आजी एकादशी करते, आणि चवथीच्या आदल्या दिवशी हरतालिकेला पाणीही घेत नाही. पुडीत मधुमेहाची गोळी असते. काय करावे?

हा प्रश्न विचारलात, फार बरे केलेत. पुडीवर छापलेले असते, म्हणून माणसे ती डोळे मिटून घेतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या घेऊन पोटात काही गेले नाही तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. उपासाच्या दिवशी कोणती गोळी किती घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारा. मनाने बंद करू नका आणि नेहमीसारखी देऊही नका. निर्जळ उपास आजीने करू नये असे मला मनापासून वाटते, आणि तिला ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा. फार्मसीला मधुमेहाच्या गोळ्या वेगळ्या पुडीत द्यायला सांगा.

घाम सुटला, हातपाय थरथरले, बोलणे असंबद्ध झाले तर उपास मोडून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांनी साखर मोजा. 70 च्या खाली असेल तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

एरवीसुद्धा पुडीवर ‘सकाळी 8’ असेल आणि आजी पेज अकराला घेत असेल, तर वेळ तिच्या जेवणाखाण्याला धरून छापून घ्या.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तपासणीत बाबांची एक गोळी बदलली. दहा दिवसांच्या पुड्या शिल्लक आहेत. जुनी गोळी काढून टाकू का?

घरी पुड्या फोडू नका. पांढऱ्या गोल गोळ्या सगळ्या सारख्याच दिसतात. नवीन चिठ्ठी आणि उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी फार्मसीत जा आणि नव्याने बांधून घ्या. औषधे वरचेवर बदलत असतील तर एका वेळी आठवड्याच्याच पुड्या घ्या. पावसाळ्यातही तेच सोयीचे, कारण प्लॅस्टिकची पुडी ॲल्युमिनियमच्या स्ट्रिपइतकी ओल अडवत नाही.

आमच्याकडे सत्तरी तालुक्यात अशी सेवा नाही. घरी करता येईल का?

येईल. सात दिवसांचा, चार वेळांचे खण असलेला डबा घ्या. आठवड्यातून एकदा, दिवसाउजेडी, यादी समोर ठेवून एकानेच भरायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. वर सांगितलेल्या ओल शोषणाऱ्या गोळ्या डब्यातही सुट्या करू नका. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखा. एखादा खण भरलेलाच राहिला, तर पुढच्या वेळी दुप्पट गोळ्या देऊ नका. फार्मासिस्टला फोन करून विचारा. डबा चुलीपासून लांब, कोरड्या कपाटात, नातवंडांचा हात पोचणार नाही असा ठेवा.