श्वेतबटू निवतो, थिजतो

एका अनुवादकाने विचारलं आहे: खगोलशास्त्रावरच्या लेखात 'श्वेतबटूंच्या उत्क्रांतीचे प्रतिमानीकरण' (म्हणजे त्यांच्यातल्या बदलांचं गणिती चित्र मांडणं) असं लिहिलं तर चालेल का? की याहून सोपं काही आहे?

चूक नाही. 'ताऱ्यांची उत्क्रांती' आपल्याकडे रुळलेलीच आहे. पण श्वेतबटूला हा शब्द लावणं मला पटत नाही. उत्क्रांती म्हटलं की मराठी वाचकाला पिढ्यान्‌पिढ्यांचा बदल आठवतो, पायरी चढत जाणं आठवतं. श्वेतबटू काही चढत नाही. सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपून बाहेरचे थर निघून गेले की मागे राहिलेला गाभा म्हणजे श्वेतबटू. आकार साधारण पृथ्वीएवढा, आणि आतली भट्टी बंद. (संस्कृतात 'उत्क्रांती' म्हणजे जिवाने देह सोडून जाणं, ब्रह्मसूत्रांत तो याच अर्थाने येतो. तो अर्थ मराठीत टिकला असता तर मी हाच शब्द सुचवला असता.)

मग हा तारा करतो काय? निवतो.

'विझतो' म्हणू नका. विझायचं ते आधीच झालं आहे. चूल विझते, तवा निवतो. आच काढून घेतल्यावर अंगातली धग हळूहळू सोडत जाणं, एवढा सगळा अर्थ 'निवणे' या एका क्रियापदात आहे. 'थंड होणे'मध्ये तो येत नाही. व्याध ताऱ्याचा जोडीदार असलेला श्वेतबटू पृष्ठभागावर सुमारे 25,000 अंश तापलेला आहे, त्याला 'थंड होतोय' म्हणताना जीभ अडखळते. 'निवतोय' मात्र सहज म्हणता येतं.

खगोलशास्त्रज्ञ लिऑन मेस्टेल यांनी 1952 मध्ये जे गणित मांडलं ते नेमकं निवण्याचंच. गाभ्यातले इलेक्ट्रॉन उष्णता इतकी सहज पसरवतात की आत जवळजवळ सगळीकडे एकच तापमान असतं. वरचा पातळ थर गोधडीसारखा ती ऊब धरून ठेवतो. ताटात वाढलेला भात जसा आधी भरभर निवतो आणि मग रेंगाळतो, तसंच इथेही होतं. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, तरी इतक्या काळात एकही श्वेतबटू पुरता निवलेला नाही. म्हणूनच तो किती निवला आहे यावरून त्याचं वय काढता येतं.

पुढे लेखात 'स्फटिकीभवन', म्हणजे गाभ्याचं स्फटिकासारखं घट्ट होणं, येईलच. तिथे 'गोठणे' वापरायचा मोह टाळा, कारण गोठण्यात थंडी गृहीत असते. श्वेतबटूचा गाभा घट्ट होतो तेव्हा आत लाखो अंश तापमान असतं. मला 'थिजणे' आवडतं. तूप थिजायला बर्फ लागत नाही. थिजताना अप्रकट उष्मा (द्रवाचं घन होताना सुटणारी उष्णता) बाहेर पडतो आणि निवणं आणखी लांबतं. गाया या अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या श्वेतबटूंमध्ये याच टप्प्यावर ताऱ्यांची गर्दी झालेली दिसते, हे 2019 मध्ये दाखवून देण्यात आलं.

तेव्हा शोधनिबंध असेल तर 'श्वेतबटूंच्या शीतलनाचे प्रारूप' लिहा. सर्वांसाठीचा लेख असेल तर सरळ 'श्वेतबटू कसा निवतो, याचं गणित'.