पडवीसाठी घरचा माणगा

प्रश्न : सावंतवाडीजवळच्या आमच्या परड्यात माणग्याची बेटे आहेत. त्याच बांबूची पडवी बांधायची आहे. परंतु जुन्या मांडवाच्या काठ्यांतून पिवळसर भुकटी गळते. उपाय काय?

उत्तर : ही भुकटी भुंगेऱ्याची करणी असून, बांबूतील पिष्टमय अंशासाठी तो काठी पोखरतो. म्हणून हा अंश कमी असताना, म्हणजे पावसाळा सरल्यावर, तीन-चार वर्षांच्या जून काठ्याच तोडाव्यात. माणगा जवळपास भरीव असल्याने कीडरोधक द्रावण सावकाश मुरते. तेव्हा ताज्या काठ्या बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या सुमारे ५ टक्के द्रावणात दोन आठवडे पूर्ण बुडवून, मग सावलीत वाळवाव्यात. नुसता डांबराचा हात वरवरचाच ठरतो. द्रावणातील क्षार पावसात धुऊन जातात. त्यामुळे वळचण पुरेशी बाहेर काढून खांब जांभ्याच्या जोत्यावर बसवावेत.