धमतरीच्या मैत्रिणी

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सलाम.

लग्न होऊन नागपूरला गेलीस, चर्च बदललं, म्हणून छत्तीसगढमधल्या धमतरीच्या मैत्रिणी रुसल्या आणि त्यांचे फोन थांबले, हे तुझ्या डोक्यात कुठून आलं? नेटवर वाचलंस म्हणतेस, की मेनोनाइट लोक, म्हणजे धमतरीच्या आपल्या चर्चचा ख्रिस्ती पंथ, मंडळी सोडणाऱ्याशी बोलत नाहीत. तो बहिष्काराचा कडक प्रकार आमिशांचा आणि काही कर्मठ गटांचा. त्याच वादात १६९३ मध्ये याकोब अम्मान वेगळे झाले नि आमिश पंथ निघाला. मी धमतरीत नर्सिंग शिकले, नोकरी केली. लग्न होऊन दुसऱ्या मंडळीत गेलेल्या मुलीचं पान कुणी वेगळं वाढलेलं मला दिसलं नाही.

मग फोन का थांबले? कारण पूर्वी ते काम रविवार करत होता. उपासना सुटली की आवारात गप्पा, मग कुणाच्या तरी घरी चीला, तांदळाचं धिरडं. भेट ठरवावीच लागत नव्हती. नागपुरात तो रविवार नाही, तेव्हा ते काम आता तुझ्या अंगावर आलं. त्यांच्यापेक्षा तुझ्यावर जास्त, कारण गाव सोडलंस तू. अन्याय वाटेल, पण तसंच आहे.

ग्रुपवर सकाळी वचन टाकलं की संपर्क राहिला, असं समजू नकोस. एकेकीला गाठ. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का, धाकट्याला नोकरी लागली का, असं नेमकं विचार. आणि छत्तीसगढीत बोल, बाई! शुद्ध हिंदीत सुरू झालीस तर खरंच परकी वाटशील. पास्टर, कमिटी, मिशनच्या जमिनी हे विषय निघाले तर ऐकून घे, मत देऊ नकोस.

आता नाजूक गोष्ट. बाळाचा बाप्तिस्मा ठरतोय. सासर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, त्यांच्या मंडळीत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा ही रीतच. मेनोनाइटांची परंपरा मात्र याला नकार देऊनच सुरू झाली. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकच्या कौन्सिलने हुकूम काढला, बाळांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत झालाच पाहिजे. त्याच महिन्याच्या २१ तारखेला काहीजण एका घरात जमले आणि जाणत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांच्या आत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिम्मात नदीत बुडवून मारलं. ज्यांच्या नावाने पंथ ओळखला जातो ते मेनो सिमन्स पुढचे. तुझ्या मैत्रिणींना या सनावळ्या पाठ नसतील, पण क्लास करून, मंडळीपुढे उभं राहून त्यांनी बाप्तिस्मा घेतलाय, आणि त्या रांगेत तूही होतीस. बाळाचा फोटो त्यांना एकदम स्टेटसवर दिसला तर लागेल.

शिवाय धमतरीत बातमी लपत नाही. १८९९ मध्ये मेनोनाइट मिशनरी तिथे आले ते दुष्काळाच्या दिवसांत. त्यांच्या अनाथाश्रमांत वाढलेल्या मुलामुलींचे संसार झाले, त्यातून ती मंडळी उभी राहिली. त्यामुळे तिथे जो तो कुणाचा तरी आत्तेभाऊ नाहीतर मावसभाऊ. तेव्हा जिवाभावाच्या दोघी-तिघींना आधी स्वतः फोन कर. वाद नको, माफीही नको. ‘सासरची रीत आहे, मलाही पटलीय, तू आलीस तर बरं वाटेल,’ एवढंच बोल. एखादी नाही यायची. तिला पंधरा दिवसांनी पुन्हा फोन करायचा, दुसऱ्याच कुठल्या विषयावर.

वर्षातून एकदा जाऊन ये. छोट्या लाईनची रेल्वे बंद झाली, पण रायपूरपर्यंत गाडी आणि पुढे बस आहेच. नाताळात जाऊ नकोस, तेव्हा कुणाला धड बसायला सवड नसते. दिवाळीच्या सुट्टीत जा, गंगरेल धरणावर डबे घेऊन दिवस काढा.

आणि तिकडून कुणी ना कुणी उपचारासाठी नागपूरला येतच असतं. कळलं की ‘काही लागलं तर सांग’ म्हणून मोकळी होऊ नकोस. वॉर्ड कुठला ते विचार आणि डबा घेऊन जा. भात जास्त घे, तिखट बेताचं. पेशंटसोबत आलेल्या माणसाला धरून कर, त्याच्या जेवणाचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुझी,
मावशी